खारट पाण्यातल्या तारा

आमच्या घरमालकांना घासलेलं भांडं सहन होत नसे. ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस घाणेरडा असेल. तसं मुळीच नव्हतं. धुतलेलं चालायचं, पुसलेलं चालायचं, पण घासलेलं नाही. वाशीमला बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी माझ्या हातातली तारेची घासणी त्यांनी मेलेली पाल उचलावी तशी चिमटीत धरली आणि अंगणाबाहेर टाकून आले.

"बाई, ह्या घरात हे चालनार नाही," म्हणाले. "स्टीलवर साय राह्यते. ती मोडू नको."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. साय दुधावर असते, स्टीलवर कुठून येणार? मी नवऱ्याला म्हटलं, दुसरी जागा पाहा. तो म्हणाला, भाडं परवडतं, रस्त्याकडे दुकानाला शटर आहे, आपल्याला त्याच्या सायीशी काय करायचं आहे? तो जवळच्या शिरपूरकडून भाजीचा टेम्पो घेऊन वाशीमच्या बाजारात येतो. त्याला कशाचीच भीती वाटत नाही. आमच्या घरातली सगळी भीती माझ्या एकटीच्या वाट्याला आली आहे.

बोलायला मी पक्की आहे. नकली दागिन्यांचं दुकान चालवायचं तर तोंड लागतंच. दहा बाया दहा हार उलटून पाहतात, एकही घेत नाहीत, आणि वरून सांगतात, तुह्याकडे व्हरायटी नाही. त्यांना मी पुरून उरते. पण आतून मी पहिल्यापासून भित्री. आणि त्या वर्षी घाबरायला खरंखुरं कारण मिळालं होतं. माझ्या पोरीच्या, छकुलीच्या, काळजात जन्मापासून भोक आहे, असं शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर आम्ही समजत होतो की पोरगी आळशी आहे. पळापळी सुरू झाली की ही ओट्यावर जाऊन बसायची. सर्दी-खोकला बारा महिने. आता तिच्या प्रत्येक श्वासाकडे माझा कान लागलेला असायचा.

घरमालकांना सगळी गल्ली 'सर' म्हणायची, म्हणून मीही सरच म्हणायची. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. तरुणपणी मोठ्या शहरात संशोधनाला गेले होते आणि ते अर्धं टाकून परत आले, एवढं लोक सांगायचे. बायको वारलेली. मूलबाळ नाही. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम कापसाचा बोळा. खिशात किल्ली आणि सुटे पैसे एकत्र ठेवत नसत, एकमेकांवर चरे पडतात म्हणून. किल्ली डाव्या खिशात, नाणी उजव्या. बस कंडक्टरने नाणी परत दिली की तीही एक एक करून, अंडी ठेवावीत तशी खिशात सोडायचे. मागच्या माणसांची रांग खोळंबायची.

त्यांच्या मधल्या खोलीत प्लायवूडची एक पेटी होती. आत बल्ब जळत असायचा, बाराही महिने, भर उन्हाळ्यातसुद्धा. गल्लीतल्या पोरांचं म्हणणं होतं की सर कोंबडीची अंडी उबवतात. मी एकदा डोकावून पाहिलं तर आत काचेच्या बरण्या, बरण्यांत पाणी आणि प्रत्येक पाण्यात एक बारीक तार बुडलेली. झालं. मी घाबरून मागे सरले. कुणी माणूस पाण्यात तार ठेवून तिला ऊब देत बसतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"खारट पानी आहे," ते म्हणाले. "आपल्या रक्तात राह्यते तेवढंच मीठ. आन् आपल्या अंगात राह्यते तेवढीच गरमी."

"कायले पन सर?"

"तारेले वाटलं पाह्यजे का आपन मानसाच्या अंगात आहो."

लोडशेडिंग झालं की त्यांची जी धांदल उडायची ती पाहण्यासारखी होती. बल्ब गेला की पेटीवर गोधडी टाकायचे, मग त्यावर दुसरी, मग गरम पाण्याच्या बाटल्या भरून आजूबाजूला लावायचे. स्वतः मात्र घामाने निथळत उभे. बाहेर लोक वीज कंपनीच्या नावाने खडे फोडत असायचे आणि आत हे थर्मामीटर डोळ्यांजवळ धरून पुटपुटायचे. चेहऱ्यावर अशी भीती की जणू एखाद्या लेकराला ताप चढलाय.

त्यांनीच ती तार छकुलीला दाखवली. नुसती साधी दिसणारी तार. तिच्या हाताने वाकडीतिकडी करवून घेतली, पार गुंडाळी केली, आणि माझ्या हातच्या गरम चहात सोडली. चहात तार अशी सरळ झाली की छकुली ओट्यावरून खालीच उतरली. पुन्हा, पुन्हा, असं कितीदा तरी केलं. चहा वाया गेला तो गेलाच.

"हिले आपला आकार याद राह्यते," सर म्हणाले. "निटिनॉल म्हनतात. अर्धं निकेल, अर्धं टायटॅनियम."

मग मला समजावून सांगितलं, तेही आपण गॅसवर दूध ठेवून बोलतो तसं. निकेल माणसाच्या अंगाला चांगलं नाही. पण टायटॅनियमला हवा लागली, पाणी लागलं, की त्यावर एक साय धरते. ऑक्साइडची. इतकी पातळ की डोळ्याला दिसत नाही. ती साय शाबूत आहे तोवर निकेल आत कोंडलेलं राहतं. साय फाटली की ते बाहेर.

एका बरणीतली तार निळी होती, मोरपंखासारखी सुंदर. मी म्हटलं, ही सगळ्यात छान आहे. सरांनी मान हलवली. "रंगावर जाऊ नको. ही भट्टीत जास्त तापलेली. हिची साय जाड आहे म्हनून रंग दिसते. पन जाड साय तडकते. जी दिसते ते कामाची नाही बाई. जी दिसत नाही ते कामाची."

त्यांच्याकडे एक औषध होतं. नाकाला झोंबणाऱ्या वासाचं. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकायचे आणि वस्तूवर घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. रोज सकाळी आंघोळ झाली की ते बरण्यांतल्या पाण्याची अशी परीक्षा घ्यायचे. एकेक बोळा खिडकीशी धरून उजेडात पाहायचे. फक्त निळ्या तारेच्या पाण्याने कापूस गुलाबी व्हायचा. बाकी सगळे पांढरे.

हे औषध घेऊन ते एकदा माझ्या दुकानात आले. काउंटरवर एक बाई मंगळसूत्र पाहत होती, लग्नसराई होती. सरांनी काही न बोलता तिच्या हातातलं मंगळसूत्र घेतलं, कापूस फिरवला आणि तिच्यापुढे धरला. लख्ख गुलाबी.

"हे गळ्यात घालू नका," म्हणाले.

बाई मंगळसूत्र टाकून अशी गेली की पुन्हा त्या बाजूने फिरकली नाही. मी पिसाळले. म्हटलं, "सर, माह्या पोटावर पाय देऊन राह्यले तुमी."

ते घाबरल्यासारखे मागे सरकले. मग हळूच विचारलं, "तुह्या पोरीच्या कानात तुह्याच दुकानातले डूल आहेत काय?"

होते. आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन चिघळलेल्या होत्या. मी उन्हाळ्यामुळे समजत होते. त्या दिवशी डूल काढले, आठवड्याने कान बरे झाले. सर रोज येऊन दुरून तिचे कान पाहून जायचे. मी तेव्हापासून दुकानात बाईने 'माह्या कानाले खाज सुटते' म्हटलं की दुसरा माल काढून द्यायला लागले. दुकानात गुलाबी रंगाची ओढणी घालून कुणी आलं तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

अशातच नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की छकुलीची छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या शिरेतून नळी घालून काळजापर्यंत जायचं आणि भोकाच्या तोंडाशी एक जाळीची छत्री सोडायची. ती आत जाऊन आपोआप उघडते, भोक बंद. सरकारी योजनेतून होईल, तारीख दिवाळीच्या आधीची मिळेल. उशीर केला तर फुप्फुसांवर ताण येईल, मग आम्हालाही काही करता येणार नाही.

नवरा खूश झाला. मी विचारलं, जाळी कशाची असते?

"निटिनॉल," डॉक्टर म्हणाले.

मला त्या खोलीत बसवेना. डॉक्टरांना वाटलं, मी अडाणी आहे, नाव ऐकून घाबरले. मी नाव ऐकलेलं होतं म्हणून घाबरले होते. अर्धं निकेल. माझ्या पोरीचे कान ज्याने चिघळले, ते आता तिच्या काळजात ठेवणार. मी त्यांना विचारलंही, "डॉक्टर, ती चकचकीत राह्यते का निळी?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग चांगुलपणाने म्हणाले, चकचकीत असते, कानाच्या पुरळामुळे सहसा अडत नाही, पण विचार करून सांगा. सहसा. हा एक शब्द मी नागपूरहून वाशीमपर्यंत घेऊन आले.

घरी आल्यावर सरांना सांगितलं. त्यांच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि उठून आत गेले, दार लावून घेतलं. जेवायला डबा ठेवला तो तसाच राहिला. मला वाटलं, झालं, जाणकार माणूसच असा हबकला तर माझ्या पोरीचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर आले. चेहरा उतरलेला. "दसऱ्यापर्यंत थांब," म्हणाले. "चकचकीत तारेच्या बरण्यांतलं पानी मी उन्हाळ्यापासून बदललं नाही. जितके दिवस पानी मुरलं तितकी परीक्षा पक्की. रोजची परीक्षा वरवरची. दसऱ्याले मी हे पानी आटवून नीट तपासतो. मंग सांगतो, हो का नाही."

"तुमी सांगान तसं," मी म्हटलं. नवरा चिडला. डॉक्टर मोठा का मास्तर मोठा, असं त्याचं म्हणणं. पण माझी भीती मास्तराच्या बाजूने होती. मला असा माणूस हवा होता जो माझ्याइतका घाबरतो.

मग रोज सकाळी, दुकानाचं शटर उघडायच्या आधी, मी त्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. "सर, साफ आहे ना?"

ते बोळा उजेडात धरायचे. बराच वेळ. मग म्हणायचे, "साफ आहे."

तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. संध्याकाळ झाली की पुन्हा भीती भरायची. छकुली ओट्याच्या पायऱ्या चढून आली की तिच्या ओठांचा रंग पाहायचा, ती झोपली की छातीवर हात ठेवून बसायचं, हे चालूच होतं.

नवरात्रात माझ्या सासूबाई शिरपूरकडच्या मळ्यातून वाशीमला आल्या, नातीजवळ राहायला. आमच्याकडे वांगी, मेथी, कोथिंबीर. आयुष्य खुरप्यावर गेलेलं. खंडेनवमीला त्यांची एक पद्धत आहे, आणि आमच्या सगळ्याच लोकांची आहे. घरातलं प्रत्येक हत्यार चिंच आणि राख लावून चकचकीत घासायचं, धुवायचं, हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवायचं. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला त्या दिवशी मान. विळा, खुरपं, टेम्पोचे पाने, माझ्या दुकानातली पक्कड, सगळं त्यांनी पहाटेपासून घासून ठेवलं होतं. सर पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मी दुकान झाडत होते.

मी घरात आले तर सासूबाई अंगणात बसल्या होत्या आणि पाटावर झेंडूच्या फुलांमध्ये सरांच्या तारा मांडलेल्या. निळी एवढी सोडली तर एकेक तार चांदीसारखी. त्यावर हळदीकुंकवाची बोटं.

"मास्तराचे हत्यार कोनं पुजतं बिचाऱ्याचे?" त्या म्हणाल्या. "घरात बाई नाही. म्हटलं, आपन करू. किती मळकट पान्यात ठेवले होते वं."

"पानी काय केलं आई?"

"तुयशीले टाकलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. चार महिने मुरलेलं पाणी, ज्याच्यावर माझ्या पोरीचं हो की नाही ठरणार होतं, ते तुळशीच्या मुळाशी. आणि तारांवरची जी साय मोडू नको म्हणून म्हाताऱ्याने घरभर घासणी येऊ दिली नाही, ती माझ्या सासूने नारळाच्या शेंडीने खसाखसा घासून काढली होती. त्यांना बोलणार तरी काय? त्यांनी मानच दिला होता.

सर आले. पाटाकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता पडतो. ते भिंतीला धरून उभे राहिले. सासूबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊ, फूल उचला, पाया पडा."

सर वाकले. खरंच वाकले, पाटाला हात लावून नमस्कार केला. मग एकेक तार उचलली, कपड्याने पुसली नाही, नळाच्या पाण्याखाली धरली. मिठाचं नवं पाणी केलं, तारा त्यात सोडल्या, पेटी बंद केली.

मी मागे गेले. "आता काय होईन सर?"

"साय गेली असन तर परत धरते," ते म्हणाले. "हवा-पानी लागलं का लगेच धरते. टायटॅनियमचा तो गुन आहे. पुस्तकात आहे. म्या शिकवलं बी आहे पोरांले."

"मंग?"

"शिकवनं येगळं, बाई." ते पेटीकडेच पाहत होते. "ह्याच्यापेक्षा वाईट परीक्षा नाही. चिंच, राख, शेंडी. इतकं करून बी निकेल बाहेर नाही आलं, तर मंग कधीच येत नाही. दिवाळीच्या आधी पाहू."

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दसऱ्याला सोनं वाटायला आलेल्या बायांशी मी काय बोलले ते आठवत नाही. छकुलीला पुन्हा खोकला झाला. शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसली, बाईंनी घरी पाठवलं. नागपूरहून फोन आला, तारीख दिली आहे, येता की नाही ते कळवा, मागे दुसरी लेकरं थांबली आहेत. नवऱ्याने माझ्याशी बोलणं सोडलं. आणि मी सकाळी खिडकीशी जायचंच बंद केलं. गुलाबी दिसलं तर?

ठरलेल्या दिवशी भर दुपारी सरांनी हाक मारली. खिडकीत ऊन होतं. त्यांनी चकचकीत तारांच्या बरण्यांतलं पाणी आटवून वाटीत घेतलं होतं. कापूस भिजवला, औषध टाकलं. तो झोंबरा वास खोलीभर झाला. मी पदर तोंडाला लावून उभी.

कापूस पांढरा राहिला.

मला रडू आलं. सरांनी मात्र दुसरा बोळा घेतला. पांढरा. औषध वाढवलं. पांढरा. मग बरणीतली तारच बाहेर काढली, तिच्यावर कापूस घासला, जोर लावून घासला, ज्या माणसाने आयुष्यभर कशावर कापड जोराने फिरवलं नाही त्याने. पांढरा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, माझ्या पोरीसाठी म्हाताऱ्याची किती काळजी.

"सर, साफ आहे ना?"

"साफ आहे," ते म्हणाले. "पन बाई, थोडं थांब. अजून दोन महिने पानी मुरू दे. मंग आपन पक्कं..."

बोलता बोलता ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. मग खाटेच्या कडेला बसले आणि हातातला कापूस मांडीवर ठेवला.

"हेच म्हटलं होतं म्या," म्हणाले. "हेच शब्द."

मला समजेना. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"माह्या बायकोच्या पोटातली मोठी नस फुगली होती. डॉक्टरनं सांगतलं, आतून नळी बसवू, तारेच्या कड्यांची. निटिनॉल. मले सगळं माहीत होतं नं. त्या टायमाले काई नळ्यांच्या तारा अंगात गंजून खाल्ल्या गेल्या होत्या, म्या वाचलं होतं. निळ्या-काळ्या जाड सायीच्या. म्या डॉक्टरले इचारलं, तुमची कोनती? त्यानं पुडकं आनून दाखवलं. चकचकीत होती. चांगली होती. तरी म्या म्हटलं, मी आधी तपासतो. दोन महिने थांबा."

खिडकीतून ऊन आत येत होतं, बरण्या चमकत होत्या.

"ती म्हने, तुमाले समजते, तुमी म्हनान तसं. ते दोन महिने सरले नव्हते, जऊळका गावात लग्न होतं घरातलं. ती पंगतीत वाढून राह्यली होती. वाढता वाढता खाली बसली. मले वाटलं, थकली असन."

न घेतलेला पाण्याचा पेला मी खिडकीत ठेवला.

"मंग ह्या बरन्या मांडल्या. तार खराब निघाली असती तर म्या बरोबर केलं होतं. रोज सकाळी उठतो, कापूस पाह्यतो. तू इचारत होती, साफ आहे ना. मी उजेडात धरून पाह्यत होतो का आज तरी गुलाबी होते का." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "इतके वर्ष झाले. चांगल्या तारेत एकदा बी झालं नाही."

मला त्यांचा राग आला. खरं तेच सांगते. माझ्या पोरीच्या काळजात जी तार बसणार, ती खराब निघावी म्हणून हा माणूस रोज सकाळी आस लावून बसत होता आणि मी त्याच्याच तोंडून धीर घेत होते. मला त्यांची भीतीही वाटली. आणि त्याच वेळी असंही वाटलं की याला कुणीतरी पोटाशी धरावं. तिन्ही एकदमच वाटलं.

"तू पोरीले घेऊन जा," ते म्हणाले. "आज फोन कर. मी काई बी म्हटलं तरी आयकू नको. उद्या मी पुन्हा म्हनन, थांब. मले माह्यी खात्री नाही. तू आयकू नको."

मी फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच दारात आले, ओठ हलले, काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. मी दार लावून घेतलं.

नागपूरला डॉक्टरांनी सहीसाठी कागद पुढे केला. नवऱ्याने केली, मग माझी पाळी. मी पेन टेकवला आणि तसाच धरून ठेवला. पोरगी आत, खाटेवर, हिरव्या चादरीत एवढीशी दिसत होती. मला त्या बाईची आठवण आली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या घरात मी राहत होते. तिच्या ओट्यावर माझी भांडी धुवत होते. ती मेली म्हणून त्या बरण्या मांडल्या गेल्या आणि त्या बरण्यांमुळे मी इथवर आले. आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. गल्लीत कुणी कधी घेतलं नव्हतं, सगळे 'सरांची बायको' म्हणायचे. मी सही केली.

छत्री नीट उघडली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली, काळजाच्या ठोक्याबरोबर हलत होती. भीती गेली का म्हणाल, तर गेली नाही. छकुली आता पळते, झाडावर चढते, आणि ती पळताना मी अजून श्वास धरून उभी असते. तिच्या अंगावर कुठे साधं घामोळं उठलं तरी मी तिला उजेडात नेऊन पाहते. हे आता असंच राहणार.

वाशीमला परत आलो त्या दिवशी सर ओट्यावर बसलेले होते. छकुली टेम्पोतून उतरून त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी तिच्या कानांकडे पाहिलं, ओठांकडे पाहिलं, काही विचारलं नाही. ती आत गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "सर, काकूंचं नाव काय होतं?"

त्यांनी खिशातला कापसाचा बोळा काढला आणि परत आत ठेवला. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग त्यांनी नाव सांगितलं, इतक्या हळू की मला जवळ सरकावं लागलं. मी नुसती मान हलवली.

"तू घे बरं एकदा," ते म्हणाले. "ह्या घरात कोनं घेतलंच नाही."

मी नाव घेतलं, नीट, मोठ्याने. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकदा घे," म्हणाले.